दुसऱ्याच्या गाडीची चेन
चेन क्लीनरचा वास आला की बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकचा कारपार्क आठवतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या मित्राने जुनी मोटरसायकल विकत घेतली होती. ती आधी मी पाहून ठेवली होती, पण लायसन्सच्या परीक्षेत तो पास झाला आणि मी नापास. रविवारी सकाळी आम्ही दोघं ती साफ करायला बसलो. त्याने आरसे पुसले, हँडलला नव्या ग्रिप चढवल्या. मी जुन्या टूथब्रशने चेनची एकेक कडी घासत राहिलो. काळे ओघळ कोपरापर्यंत आले. त्याची बायको कुंकू आणि लिंबू घेऊन खाली आली. माझे हात बघून म्हणाली, "भावोजी, गाडी यांनी घेतलीय की तुम्ही?" तो हसला. "त्याचीच समज. चालवणार फक्त मी." लिंबू पुढच्या चाकाखाली मीच ठेवलं. गाडी सुरू होऊ नये असं मला वाटत होतं. ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. "बस मागे," तो म्हणाला. मी बसलो. लिंबू चिरडलं आणि आम्ही निघालो. चेनचा जराही आवाज येत नव्हता. आता माझी स्वतःची मोटरसायकल आहे, त्याच्या गाडीपेक्षा नवी. तिची चेन मी कधी स्वतः घासलेली नाही.