फोटोतला दात

रायपूरची पोट्टी बर्फावरची हॉकी खेळते म्हणलं की लोकं हसतात. हसू द्या. आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात बर्फ म्हणजे गाड्यावरचा गोळा, हे मले बी माहीत आहे. पण इरावती माही पोट्टी आहे, अन् तिची गोष्ट मीच सांगते, माह्या करणीसकट.

इरू सातवीत होती तेव्हा तिच्या बाबानं तिले चाकाचे स्केट आणून दिले. शंकर नगरात सुशील सर एका ऑफिसच्या मागच्या पार्किंगमध्ये पोरापोरीइले स्केटवर हॉकी शिकवायचे. इरूचे बाबा रेल्वेत बाबू, पण रविवारी सकाळी पाचला स्कूटर काढून तिले नेत. मी घरी बडबडत बसायची, पोट्टीले धड पोळी लाटता येत नाही अन् काठी घेऊन फिरून राहिली!

ती गोल अडवायची. बारावीच्या वर्षी असाच बॉल अडवताना तोंडावर बसला अन् पुढचा दात गेला. रक्तानं भरलेला रुमाल धरून घरी आली, अन् बाप्पा, हसत होती! "आई, गोल नहीं होने दिया मैंने!" मी कपाळावर हात मारला. "आता तुले पसंत कोण करीन?" दाताच्या डॉक्टरनं काढता-घालता येणारा दात करून दिला, तो तिनं ड्रॉवरमध्ये टाकला. खेळणं सुटलं की पक्का बसवीन, म्हणे.

एकवीसची झाली अन् नागपूरचं स्थळ आलं. फोटो पाहिजे होता. घरातल्या एकूण एक फोटोत ही तोंडभर हसून राहिलेली, मधात खिडकी उघडी. मी त्यातला एक उचलला अन् पंडरीतल्या स्टुडिओत गेली. "भैया, यहाँ एक दाँत बैठा दो." त्यानं दहा मिनिटांत बसवला. घरी कोणाले सांगितलं नाही.

पाव्हणे आले. इरू चहा घेऊन आली, कशावर तरी हसली. मुलाच्या आईनं फोटो पाहिला, तिचं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मी घाईघाईनं म्हणलं, "दात बसवूनच राहिलो आम्ही, लग्नाच्या आधी होऊन जाईन." इरूनं ट्रे ठेवला, फोटो हातात घेतला, किती तरी वेळ पाहत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून माह्यासमोर हसताना ती तोंडावर हात धरायला लागली. अन् मी येडी मनात म्हणलं, चला, पोट्टीले वळण लागलं!

स्थळ गेलं. हिवाळ्यात सुशील सरांनी तिले लडाखच्या शिबिराले पाठवलं. खऱ्या बर्फावर पहिल्या दिवशी उभं राहता येईना, पडून पडून गुडघे काळेनिळे. दोन हिवाळे तशीच घासली, मग देशाच्या संघाच्या शिबिरात निवडली गेली, अन् गेल्या वर्षी बाहेरदेशातल्या एका क्लबनं तिले पगारावर घेतलं. खेळायचा पगार! मी चार जणीइले फोन करून सांगितलं.

पहिला सामना जिंकल्यावर पेपरचा बातमीदार फोटो मागायले आला. घरात शंभर फोटो. माहा हात सरळ कपाटातल्या त्याच फोटोवर गेला. काहून गेला, मले विचारू नका. दुसऱ्या दिवशी छापून आला. शेजारची कमला म्हणे, "किती गोड दिसते हो!"

तितक्यात यांनी मोबाइलवर क्लबचा व्हिडिओ दाखवला. सामना संपल्यावर इरूनं हेल्मेट काढलं, बाकीच्या पोरी गळ्यात पडल्या, अन् ती हसली. तोंडभर, खिडकीसकट. तसं हसणं मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. माह्या घरात ते मीच बंद केलं होतं. मले माहीच लाज वाटली, इतकी की यांच्याकडं पाहवेना.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "पेपर देखा, आई. फोटो अच्छा आया है." आवाजात टोमणा नव्हता. हसली, अन् हात तोंडावर गेला.

"हात काढ ना बाई," मी म्हणलं. "माहं चुकलं. मले तुले हसताना पाहायचं आहे."

तिनं हात काढला. "हव, आई," म्हणाली अन् हसली. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.