शेवटचा दीड तास

रचना सोनवणे आठवड्याचे सहा दिवस कल्याण पूर्वेच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. "काही नाही होत हं" वगैरे लाडीगोडी नाही. टोचते, काढते, पुढच्याला बोलावते. शीळफाट्यापुढच्या मैदानावर दर फेब्रुवारीला इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा फेस्टिवल होतो, त्यात कोण वाजवणार आणि किती वाजता, हे हीच बाई ठरवते, असं सांगितलं तर तिचे पेशंट हसतील. मीही हसलो होतो.

मी रवींद्र. माजिवड्याला माझं साऊंडचं दुकान आहे आणि फेस्टिवलचा मिक्सर स्टेजच्या कडेला बसून मी सांभाळतो. कुणाचं कौतुक करणं माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी रचना तिकीट काढून आली होती. दुसऱ्या दिवशी तिने मालकाला, म्हणजे ऋतुराजला, भलामोठा मेल पाठवला. बावीस नावांत बाई एक, आणि तिलाही भर दुपारी उन्हात उभी केलेली, समोर मंडपवाले सोडून कोणी नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचं एकही नाव नाही. "इथली माणसं मला फक्त पार्किंगमध्ये दिसली," असं शेवटी लिहिलेलं. ऋतुराजचा पारा चढला. एवढं कळतं तर तूच कर, असं त्याने फटकन उत्तर दिलं. त्याला वाटलं बाई गप्प बसेल. बाई सोमवारी रजा टाकून ऑफिसात हजर.

तिची निवडायची रीत अजब होती. लॅब सुटली की ती कुठल्यातरी हळदीला, मिरवणुकीला, कॉलेजच्या गॅदरिंगला जायची आणि सगळ्यांच्या मागे उभी राहायची. डीजेकडे बघायचीच नाही.

"त्याच्याकडे काय बघायचं, रवीदादा? मागचे लोक कधी निघतात ते बघायचं."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लहानपणी वडील तिला गर्दीपासून लांब, शेवटच्या ट्रकच्या मागून चालवायचे. तिथेच तिला ही नजर मिळाली असावी. स्वतः मात्र कधी नाचली नाही. मी छेडायचो, तर म्हणायची, "मला येत नाही. आणि लोकांसमोर तर नाहीच नाही."

असंच फिरताना तिला करिश्मा सापडली. शीळजवळच्या गावातली आगरी पोरगी. हळदीचा डीजे असलेल्या काळुराम काकाच्या हाताखाली शिकलेली. लग्नातली गाणी ती टेक्नोच्या ठोक्यावर अशी बसवायची, की म्हाताऱ्या आणि कॉलेजची पोरं एकदमच उठायची.

यंदा रचनाने यादी टाकली. बर्लिनचा पाहुणा सहा वाजता. शेवटचा दीड तास, साडेसात ते नऊ, करिश्मा.

"वेडी झालीस का?" ऋतुराज म्हणाला. "बर्लिन ऐकून लोक गाड्या काढतील. हळदीवालीसाठी कोण थांबणार?"

"तिला दुपारी लावायची तर यादीत घ्यायचीच कशाला?"

"ठीक आहे. पण मैदान रिकामं झालं तर पुढच्या वर्षी यादी मी करणार. तू फक्त तुझी लॅब सांभाळायची."

रचना "हो" म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं हिचं.

फेस्टिवलच्या दिवशी बर्लिनवाल्याने मैदान हलवलं, खोटं कशाला बोलू. साडेसातला तो उतरला, करिश्मा चढली. हेडफोन गळ्यात, हात कमरेवर. मी आवाज उघडला. शांतता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागची माणसं गेटकडे वळायला लागली. ऋतुराज माझ्या कानाशी ओरडत होता. रचना मागून धावत आली.

"करिश्मा, लाव ना!"

"घरची बाय कोन हाय?" करिश्माने शांतपणे विचारलं. "ती पयली नाचाला उभी राल्याशिवाय मी गाना लावत नाय. काकाची रीत हाय."

रचनाचा चेहरा पडला. तिने या पोरीच्या बारा हळदी ऐकल्या होत्या, पण लॅब सुटून पोचेपर्यंत प्रत्येक हळद रंगात आलेली असायची. सुरुवात तिने एकदाही पाहिली नव्हती.

"अगं, हा फेस्टिवल आहे. इथे घर कुठलं?"

"मंग मना बोलावला कोनी?"

यावर उत्तर एकच होतं. तिने पर्स माझ्या हातात कोंबली आणि स्पीकरसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. चार हजार लोकांसमोर, लॅबमधून येताना घातलेल्या त्याच साध्या कुडत्यात. करिश्माने पहिला ठोका सोडला.

रचना नाचली. काय सांगू, फार वाईट नाचली. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. पोरं हसली. कुणीतरी मोबाईल काढला. मला लाज वाटली, तिची नाही, हसणाऱ्यांची आणि तीन वर्षं तिला हसणाऱ्या माझी. ती थांबली नाही. डोळे मिटून नाचत राहिली.

तांदळाच्या भाकरीच्या स्टॉलवर गावातल्या बाया होत्या. त्यांतली ठमाबाई पिठाचे हात पदराला पुसत आली. "गो बाय, एकटी कशी नाचतेस?" असं म्हणून तिने रचनाचा हात धरला. मागोमाग स्टॉलवरच्या सगळ्या बाया आल्या. मग हसणारी पोरं आली. मग गेटपर्यंत गेलेली माणसं परत फिरली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. नऊला आवाज बंद केला तेव्हा बर्लिनवाला स्वतः गर्दीत घामाघूम उभा होता.

रचना पर्स घ्यायला स्टेजवर आली, तिच्या मागोमाग ऋतुराज. "मान गये. पुढच्या वर्षीही शेवटी करिश्माच."

"नाही," रचना म्हणाली. अजून धापा टाकत होती. "पुढच्या वर्षी दुसरी कोणीतरी. दर वर्षी हिलाच उभी केली, तर बाकीच्यांना दार बंदच."

करिश्मा तिथेच वायरी गुंडाळत होती. मी चरकलो. एवढं वाजवून वर हे ऐकायचं? मी रचनाला खुणावलंसुद्धा, की आत्ता नको, उद्या बोल.

करिश्माने वर बघितलं. "टिटवाल्याला एक पोरगी हाय, पायल. माज्यापेक्षा भारी वाजवते. कोन बोलवत नाय तिला. मी घेऊन येईन."

रचनाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. उरलेल्या वायरी मीच गुंडाळल्या.