एकही फट नको

राईसा तिखोनिव्ना म्हातारपणी गोगलगायी पाळणार असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. या बाईनं आयुष्यात साधं मांजर घरात घेतलं नव्हतं. केस पिठात पडतात म्हणायची. तिची सगळी उमर गावच्या बेकरीत गेली, तीही पावाचं पीठ फुगायला ठेवतात त्या कोंदट उबेच्या खोलीत. निवृत्त झाली तरी ती खोली तिच्या डोक्यातून गेली नाही. पीठ फुगलं नाही की दोनच कारणं, ऊब कमी पडली किंवा कुठून तरी वारा लागला. माणसं आजारी पडण्याचीही तिच्या लेखी हीच दोन कारणं होती.

मी तिच्या अगदी खालच्या मजल्यावर राहतो. तिच्या चपलांचा आवाज ऐकत मी म्हातारा झालो.

गोगलगायी तिच्या नातीच्या, दारिनाच्या. दारिनाची आई इन्ना पोलंडला मासे भरायच्या कारखान्यात लागली आणि दोन वर्षांनी लेकीलाही घेऊन गेली. बसमध्ये काचेची पेटी घेऊ देईनात. मुलगी स्टँडवर रडून रडून लाल झाली होती. "मी सांभाळते, तू ये तेव्हा अशाच असतील," असं तिखोनिव्ना बोलून गेली आणि ती पेटी पोटाशी धरून घरी आली. पेटीत दोन आफ्रिकी गोगलगायी होत्या, माझ्या मुठीएवढ्या. एकीचं नाव पोंचिक, तिला पोरगी 'तो'च म्हणायची, दुसरीचं क्नोप्का. मला ते प्राणी कधीच आवडले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची हालिना मात्र सुरकुत्या जातात म्हणून त्यांना गालावर फिरवायला मागायला यायची. "चेहरा घासायला माझी लेकरं नाहीत!" म्हणून तिखोनिव्नानं तिला दारातूनच परत पाठवली.

दर रविवारी दुपारी दारिनाचा फोन यायचा, व्हिडिओचा. फोन उचलला की पोरगी पहिलं विचारायची, "आजी, पोंचिक काय करतोय?" मग तिखोनिव्ना फोन पेटीवर धरायची. पोंचिकनं काकडी किती खाल्ली, क्नोप्का काचेवर कुठवर चढली, हेच सगळं बोलणं. तिनं मला एकदा स्पष्टच सांगितलं, "जखारोविच, या दोघी आहेत तोवर माझी पोर फोन करते. या गेल्या की मला कोण विचारतंय?"

"काहीतरीच बोलू नकोस. तू तिची आजी आहेस."

"आजी काय, सगळ्यांनाच असते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्या दोघींना तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागली. त्यांना आपल्या उन्हाळ्यासारखी हवा बारा महिने लागते, ओलीही आणि उबदारही. गारठा लागला किंवा हवा सुकली की त्या शंखात अंग आत ओढून घेतात आणि तोंडावर पांढरट पापुद्रा धरून बसतात. तशा महिनोन्‌महिने बसू शकतात, आणि कधीकधी परत उघडतच नाहीत. म्हणून ती कोमट पाणी फवारायची, पेटीतली माती ओली ठेवायची, आणि गरम पाण्याच्या बाटल्या लोकरीच्या मोज्यात घालून पेटीच्या बाजूला टेकवायची. रात्री त्यावर उशी आणि गोधडी, जसं आमच्याकडे उशिरा येणाऱ्यासाठी लापशीचं भांडं गुंडाळून ठेवतात तसं.

आणि फटी बंद. आमच्या लोकांना थंडीची भीती नाही, फटीतून येणाऱ्या झोताची आहे. सांधे धरले, दात दुखला, मूल रडलं, सगळ्याचं खापर त्या झोतावर फोडायचं. हिवाळा लागला की आम्ही सगळेच खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबून वरून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या चादरीच्या पट्ट्या चिकटवतो. पण तिखोनिव्नाच्या घरात मी गेलो तेव्हा दाराच्या किल्लीचं भोकसुद्धा कापसानं बुजवलेलं होतं. घरात ओल्या मातीचा वास कोंडला होता. मला तिथे बसवेना.

त्याच हिवाळ्यात, कडाक्याच्या आठवड्यात, गावाला गरम पाणी पुरवणारा मोठा नळ रस्त्याखाली फुटला. घरं उबदार ठेवणारे भिंतीलगतचे गरम पाण्याचे पाइप बर्फासारखे झाले. दुरुस्तीवाले आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले. मी कोट घालून झोपायला लागलो. वर मात्र चपलांचा आवाज थांबेना. बाटल्या भरायच्या, बाटल्या बदलायच्या. तरीही शनिवारी दोघींनी पापुद्रा धरला.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"आजी, पोंचिक हलत का नाहीये?"

"झोपलाय गं. जेवण जास्त झालं त्याला."

"बरं. आजी, मला आत्ता क्लासला जायचंय, पुढच्या रविवारी बोलू या. सांभाळ हं!"

फोन बंद झाला. तिखोनिव्नानं तो पालथा ठेवला. "बघितलंस? दोन मिनिटं. हलल्या नाहीत म्हणून दोन मिनिटं."

"अगं, तिला क्लास होता."

"रविवारी कसला क्लास!" ती माझ्यावर खेकसली. "पुढच्या रविवारी त्या जाग्या हव्यात. कसंही करून."

ते 'कसंही करून' मला अजिबात आवडलं नाही.

मंगळवारी मी वर गेलो तर तिच्या गॅसच्या चारही बर्नरवर विटा तापत होत्या. आणि भिंतीत छताजवळ हवा जायची जी जाळी असते, तिच्यावरसुद्धा पट्टी. सुबक, चारी बाजूंनी दाबून बसवलेली. मी स्टुलावर चढलो आणि ती टरकन फाडली.

"काय करतोस! त्यातून झोत येतो! थेट पेटीवर!"

"येऊ दे. तू जळता गॅस ठेवून घर बंद करतेस, तिखोनिव्ना. तो हवा खातो आणि उरतं ते विष. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी असंच झोपेत जातं, माहीत नाही तुला?"

"मी जन्म भट्टीशेजारी काढला. मला शिकवू नकोस."

"भट्टीला धुराडं होतं, बाई!"

तिनं कपाळ चोळलं. "ओरडू नकोस रे. डोकं जड झालंय कालपासून." तिचे गाल मात्र पोरीसारखे गुलाबी होते. एरवी मी त्यावरून चेष्टा केली असती. त्या दिवशी मला तो रंग विषाचा वाटला. मी गॅस बंद केला, खिडकीवरची एक पट्टी सोलून काढली, आणि तिच्याकडून शपथ घेतली. तिनं शपथ घेतली. तिच्या नजरेवरून मला कळत होतं की ती माझ्या जाण्याची वाट बघतेय.

गुरुवारी गेलो तर जाळीवर पुन्हा पट्टी होती. पुन्हा फाडली. भांडण झालं, अख्ख्या जिन्यानं ऐकलं. मी म्हटलं, "इन्नाला फोन करून सांगतो." ती एकदम मऊ झाली. हात धरला माझा. "नको रे, जखारोविच. तिला कळलं की गोगलगायी गारठल्या, तर पोरीला सांगेल. रविवार होऊ दे. पुन्हा विटा तापवल्या तर तू मला वेड्यांच्या दवाखान्यात टाक." मी इन्नाला फोन लावलाही. कामावर असेल, उचलला नाही. निरोप ठेवला की आईला समजाव, घरात गॅस पेटवून बसते.

शनिवारी नळ दुरुस्त झाला म्हणे, पण पाणी कोमटच येत होतं. वरून तिच्या चपलांचा आवाज येत होता तोवर मला बरं वाटत होतं. रविवारी सकाळी मी जड काहीतरी घासत नेल्याचा आवाज ऐकला. पेटी ती दुसऱ्या खोलीतून स्वयंपाकघरात ओढत होती, एवढं मला कळलं. स्वयंपाकघर सगळ्यात लहान, म्हणजे लवकर तापणारं. मग आवाज थांबला. दुपार झाली तरी वर चपला वाजल्या नाहीत.

मी चहा ओतला होता. तो तसाच ठेवून जिना चढलो.

दार वाजवलं, हाका मारल्या. तिची एक किल्ली माझ्याकडे असते; ती घालूनच भोकातला कापूस आत ढकलला. आत गेलो. स्वयंपाकघराचं दार बंद, आणि खाली ओला टॉवेल दाबून बसवलेला, आतून. मी खांदा लावून दार ढकललं. गरम, दमट हवा तोंडावर आली, अगदी बेकरीतल्या त्या खोलीसारखी. चारही बर्नर चालू. विटा, आणि मध्ये वाफेसाठी पाण्याचं पातेलं. जाळीवर नवी पट्टी. मी श्वास रोखून गॅस बंद केला आणि स्टुलानं खिडकीची काच फोडली.

तिखोनिव्ना टेबलाशी बसली होती, डोकं हातांवर ठेवून. केस नीट विंचरलेले, अंगात सणाचं निळं जाकीट. गाल अजून गुलाबी होते. मी तिला ओढत जिन्यात नेलं, थोपटलं, हाका मारल्या, हालिनानं अँब्युलन्सला फोन केला. पण हात गार पडायला लागले होते. किती वेळ झाला होता ते मला कळत होतं, आणि तरी मी हाका मारत होतो.

तेवढ्यात आत टेबलावरचा फोन वाजायला लागला.

मी आत गेलो. फोन तिनं बाटलीला टेकवून आधीच उभा करून ठेवला होता, पेटीच्या समोर, नेमका. पडद्यावर दारिनाचं नाव. आणि पेटीत पोंचिक आणि क्नोप्का दोघीही काचेवर चढत होत्या, शिंगं बाहेर काढून, ओल्या, जाग्या, हिवाळा कधी नव्हताच अशा. गोगलगायींचं रक्त वेगळं असतं म्हणे, विष त्यांना लागलंच नव्हतं.

फोन वाजत राहिला. बंद करावा तर पोरगी घाबरेल. उचलावा तर बोलणार काय? मी बटण दाबलं.

"अय्या, जखारोविच आजोबा! तुम्ही कसे?" दारिना हसत होती. मागे तिची आईही होती, कोट काढत. "जखारोविच, आत्ताच निरोप ऐकला," ती म्हणाली, "आई गॅस पेटवून बसते म्हणजे काय?"

मी एकच करू शकलो, फोन पेटीजवळ नेला.

"बघ," मी म्हटलं. "जाग्या झाल्या. दोघी."

दारिनानं क्षणभर बघितलं. मग म्हणाली, "हो, छान. त्यांना काय बघायचं सारखं? आजीला दाखवा ना."