नीलूची मराठी पहिल्या झटक्यात पास

मंडळी, आज मला नीलूचा इतका हेवा वाटला की काय सांगू!

देवासच्या आमच्या ऑफिसात औषधांची आठवण करून देणारं ॲप मराठीत आणतोय. भाषांतराची फाइल कमांड देऊन कंपाइल केली, की मजकूर ॲपमध्ये दिसतो. माझी फाइल तीनदा अडली. एका ओळीत पेशंटचं नाव येण्याची खूणच मी गाळली होती.

शेजारच्या खुर्चीवरच्या नीलूची पहिल्याच झटक्यात चालली. "हो गया भिया!" झालं रे भावा, असं ती आमच्या इकडच्या हिंदीत ओरडली. नीलू धारची, घरची बोली माळवी. मराठी शेजारच्या काकूंकडून शिकलेली. आणि मी मराठी घरातली!

दुपारी जेवायला घरी गेले, तेव्हा वडिलांना, म्हणजे नानांना, ॲप दाखवलं. माझं "आपली औषधी घेतली काय?" वाचून नाना तसेच पुढे सरकले. मग नीलूचं आलं, "औषध घेतलंत का? बरं वाटतंय ना?"

नाना खुलले. "हे तू लिहिलंस?"

मी "हो" म्हणून गेले.

दहा मिनिटंही राहवलं नाही. खरं सांगितलं. नाना म्हणाले, "मग तिला जेवायला बोलाव. तुलाही शिकवेल."

फोन हातात आहे, पण जीभ रेटत नाहीये. तुम्ही माझ्या जागी असता तर बोलावलं असतं?