कन्हानच्या शाळेतलं शून्य

आमच्या मानसशास्त्र विभागाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. विभागाचा विद्यार्थी ज्या देशात गेला, तिथे विभागप्रमुख सरांनी स्वतःच्या हाताने लाल टाचणी टोचलेली. पाहुणा आला की आधी नकाशा, मग चहा. त्या टाचण्यांचा मला अजून राग येतो. हे लिहायला बरीच वर्षं लागली, आणि आताही नीट जमतंय की नाही, ठाऊक नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विभागाचा निबंध परदेशातल्या परिषदेत जाणार होता. विषय, लहान मुलांची बुद्धिमापन चाचणी. मी कन्हानच्या कामगार वस्तीतला, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. म्हणून तिथल्या शाळेत चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिलीच मुलगी बसली ती माझी मावसबहीण, सात वर्षांची.

कपाचं चित्र दाखवून मी विचारलं, "हे काय आहे?" ती गप्प. कंदील दाखवला. गप्प. शेवटी कुजबुजली, "दादा, तुले तं मालूम हाय. मंग मले काहून विचारून राहिला?"

मोठ्या माणसाला ठाऊक असलेलीच गोष्ट त्याला सांगणं, हा आमच्याकडे आगाऊपणा. त्यावर चापट बसते. त्यामुळे बहुतेक मुलं गप्पच राहिली. तिचं वाक्य मी उत्तरपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं आणि सरांना दाखवलं.

"उत्तर नाही, म्हणजे शून्य," सर म्हणाले.

"पण सर, त्यांना येतं. आपण विचारतो ते..."

"ही चाचणी सगळ्या जगात चालते. कन्हानात बसून तू ती दुरुस्त करणार?" टेबलाभोवतीची मंडळी हसली. "खोड ते. नाहीतर प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मिळणार नाही."

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. मी खोडलं. कागद फाटू नये म्हणून हळूहळू.

निबंध वाचला गेला. परदेशातून कौतुकाचं पत्र आलं, ते काचेत मढवून नकाशाशेजारी टांगलं. कामगार वस्तीतल्या मुलांच्या मंद बुद्धीवर विभागाने मोलाचं काम केलं म्हणे. पेढे वाटले. मीही खाल्ला.

त्या रविवारी कन्हानला गेलो. मावसबहिणीने मला दारातच अडवलं.

"काय गा दादा, मी पास झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

"मंग तुह्या सराले समजलं का, तो कप होता म्हणून?"