जरी काळी कशानं पडली

"हे बघ, गये. तुझा हात लागला तिथूनच काळी पडली."

वकिलीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. माय खाली अंगणात, हातात खराटा. वकिलीणबाईंनी शालूचा पदर दोन्ही हातांनी ताणून धरला होता. मायला दिसावा, पण तिच्या अंगाला लागू नये, इतका लांब. मोतिया रंगाचा शालू. काठाची जरी कोळशाचं बोट फिरवल्यासारखी काळवंडली होती.

मी फाटकाशी होते. तिवशाच्या शाळेत मास्तरीण होते, दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला घरी आले होते. मायला घेऊन बाजारात जायचं म्हणून तिच्या कामावर आले, तर हे.

घडलं होतं ते एवढंच. पावसाळ्याच्या तोंडाला वकिलीणबाईंनी तो शालू उन्हात टाकला होता. वारं आलं, शालू तारेवरून घसरला आणि मातीत पडला. माय अंगण झाडत होती. तिनं पदराला हात पुसले, शालू उचलला, झटकला, परत तारेवर टाकला. त्या घरच्या कोणत्याही वस्तूला हात लावायची वेळ आली की माय आधी हात पुसायची. दुसऱ्या कोणी उचलला असता तर चांगलं केलंस म्हणाल्या असत्या. मायच्या उचलण्याचा जाब दिवाळीला विचारला गेला.

"मी तं झटकून टाकला होता, बाई," माय म्हणाली. "धूळ बी राहू देल्ली नाई."

"पण तुला उचलायला सांगितलं कोणी? पडला होता तर पडू द्यायचा, आम्हाला हाक मारायची. केवढ्याचा शालू आहे, ठाऊक आहे? उद्यापासून येऊ नकोस."

मी तोंड उघडलं. मायनं माझं मनगट दाबलं. "चाल," म्हणाली. तिनं खराटा भिंतीला टेकवला. टेकवण्याआधी त्याची मूठ पदरानं पुसली. इतकी वर्षं जो खराटा फक्त तिच्याच हातात होता, त्याची मूठ. माझ्या मस्तकात तिडीक गेली. बाजार राहिला, आम्ही सरळ घरी आलो.

 माय घरात शिरली ती ट्रंकेकडे गेली. ट्रंकेत तिचं लुगडं होतं.

त्या लुगड्याबद्दल सांगितलं पाहिजे.

नवं वस्त्र पहिल्यांदा नेसणं म्हणजे त्याची घडी मोडणं. वकिलांच्या घरी नवी साडी आली की वकिलीणबाई कधी ती आधी नणंदेला नेसायला द्यायच्या. "घे, तू घडी मोड," म्हणायच्या. तो मान असतो. मायनं जन्मात कशाचीच घडी मोडली नव्हती. तिच्याकडे लुगडं यायचं ते कोणाच्या तरी अंगावर विटून, फाटून. ती फाटका भाग कापून, तुकडे जोडून त्याला दंड घालायची आणि नेसायची. आम्ही धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडंसुद्धा कोणाचं तरी जुनंच होतं, धुऊन धुऊन पांढरं झालेलं.

शालू मातीत पडला त्याच वर्षी उन्हाळ्यात दादाचं लग्न ठरलं. दादा बडनेऱ्याला रेल्वेत लागला होता, मुलगी अकोल्याची. हुंडा नाही, मानपान नाही, बुद्धवंदनेनं लग्न. माझा पगार सुरू होता. मी विचारलं, "माय, तुले काय पायजे?" नेहमी "काई नोको" म्हणणारी बाई तेव्हा म्हणाली, "मले एक लुगडं घे. जरीच्या काठाचं. घडी मी मोडीन."

जरीवर तिचा फार विश्वास. कारणही तसंच. वकिलांच्या म्हाताऱ्या आईचा शालू नेसून नेसून विरला, तेव्हा त्याचा काठ अंगणातल्या चुलीवर जाळला होता. सरपण मायनंच आणलं होतं. रेशीम जळून गेलं आणि राखेत चांदी राहिली. त्या चांदीचे नातीला वाळे केले. माय ही गोष्ट आम्हाला सांगायची. माणूस म्हातारं होते, कापड फाटते, जरी कुठी जात नाई, म्हणायची. तिचं खोटं नव्हतं. पण ती जरी जुन्या काळची होती.

जवाहर गेटच्या आत लुगड्यांचं एक मोठं दुकान होतं. आम्ही दोघी गेलो. पायरीशीच मायनं पदराला हात पुसले. शेठजींनी आम्हाला गादीच्या कडेला बसवलं. पलीकडे सोन्यानं भरलेली एक बाई होती, तिच्यापुढे उलगडलेल्या लुगड्यांचा ढीग. आमच्यापुढे एक जांभळं लुगडं आलं, घडीत. वरच्या पदराची जरी लखलखत होती. भाव ऐकून मी दचकले. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका बाईंनी इथूनच असं लुगडं नेलं होतं, अर्ध्या भावात.

"चांदी महागली, रेशीम महागलं, सरकारचा कर वाढला," शेठजी म्हणाले. "आमच्या हातात काय आहे?"

दर सणाला यांच्याकडे नवं कारण. चांदी महागली म्हणून भाव वाढवायचा आणि महागली म्हणूनच चांदी काढून घ्यायची, हे दोन्ही एकाच दुकानात चाललं होतं. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"पूर्ण उघडून दाखवा," मी म्हटलं.

"घडी मोडली की माल जुना होतो, मास्तरीणबाई. घ्यायचा असेल तर सांगा." मग मायकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या वस्तीकडच्या त्या वकिलीणबाई, त्यांनी गेल्याच आठवड्यात ह्याच काठाचा शालू नेला. त्यांनी नाही उघडायला लावला."

झालं. मायचा चेहरा फुलला. वकिलीणबाईंच्या अंगावरचा काठ आपल्या अंगावर येणार होता, आणि या वेळी कोणाच्या अंगावरून उतरलेला नाही. मी पैसे मोजले. माझा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अकोल्याच्या मांडवात मायनं घडी मोडली. नेसताना तिला कोणाला हात लावू द्यायचा नव्हता. बाहेर आली तेव्हा बायका भोवती जमल्या, काठ बोटांनी चाचपू लागल्या. "खरी हाय काय वं, गयाबाई?" एकीनं विचारलं. "वकिलीणबाईच्या वानाचीच हाय," माय म्हणाली. दिवसभर ताठ चालत होती. मी तिला तशी चालताना आधी पाहिलं नव्हतं. परत आल्यावर तिनं लुगडं कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही.

ते लुगडं तिनं आता बाहेर काढलं. दारात नेऊन उजेडात धरलं. काठ काळा. पदर काळा. मध्येच कुठे एखादी तार तांबूस चमकत होती.

मायनं काळ्या काठावरून बोट फिरवलं.

"पाह्य," म्हणाली. "माह्या बी लुगड्याले लागलं."

"काय लागलं?"

"माहं आंग."

मी ओरडले. "माय, जरी खोटी हाय! तांब्याची तार हाय, वरून मुलामा. पाह्य ना, तांबं दिसून राहिलं!"

"मंग वकिलीणबाईची बी खोटी?" माय म्हणाली. "तिले कोन फसवीन वं? एवढ्या मोठ्या मानसाले?"

 तिनं चुलीतली राख घेतली आणि हात घासायला बसली. कोपरापर्यंत. हात लाल झाले तरी थांबेना. माझा नुसता जळफळाट झाला. पोरांना रोज फळ्यावर लिहून देत होते की माणूस जन्मानं हलका नसतो. आणि माझ्याच घरात माझी माय एका खोट्या तारेपायी स्वतःचं कातडं सोलून काढत होती. माझं शिकणं, माझा पगार, आमची दीक्षा, सगळं एका व्यापाऱ्याच्या मुलाम्यापुढे हरलं होतं. राग वकिलीणबाईंचा आला, शेठचा आला, आणि खरं सांगते, मायचाही आला.

दुसऱ्या दिवशी मी लुगडं पिशवीत घातलं आणि मायला म्हटलं, चल. ती येईना. "कशाले तमाशा करतं?" म्हणाली. मी तिला ओढतच नेलं.

दिवाळीची गर्दी होती. गादी बायकांनी भरली होती. मी लुगडं सरळ शेठजींच्या पुढ्यात उलगडलं.

"ही जरी काळी पडली. अंगाला एकदाच लागलंय लुगडं."

शेठजींनी काठाकडे पाहिलं, मग मायकडे. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जरीचा दोष नाही, बाई. जरी कोणाच्या अंगाला लागते त्यावर असतं. काही लोकांचा घामच तसा असतो."

दोन-तीन बायका हसल्या. एकीनं आपला पदर आवरून घेतला. माय मान खाली घालून उभी. तिला हे पटलं होतं, तेच मला सहन होईना.

"अंगाचा दोष कशावरून?" मी म्हटलं.

शेठजींना चेव आला. "दाखवतोच तुम्हाला." त्यांनी मागच्या भिंतीतलं कपाट उघडलं आणि एक लुगडं काढलं. तोच काठ, रंग हिरवा. "ही तुमच्या लुगड्याची जोडी. एकाच गठ्ठ्यात आलेली. ह्याला कोणाचा हात लागलेला नाही. माझ्याशिवाय ह्या कपाटाला कोणी हात लावत नाही. बघा कशी लखलखते!"

वरची घडी खरंच लखलखत होती. रोज पुसत असणार.

"उघडा," मी म्हटलं.

एरवी त्यांनी उघडलं नसतं. माल जुना होतो ना. पण इतक्या बायकांपुढे आम्हाला तोंडघशी पाडायची त्यांना घाई झाली होती. त्यांनी दोन्ही हातांनी धरून लुगडं गादीभर फेकलं.

आतला काठ काळा होता. सबंध पावसाळा कपाटाच्या भिंतीला ओल होती आणि ज्या बाजूला ओल, त्या बाजूची जरी मायच्या जरीसारखीच काळी. घडी न मोडलेली. कोणी न नेसलेली.

हसणाऱ्या बायका पुढे वाकून काठ बघू लागल्या.

मी त्या काळ्या काठावर बोट ठेवलं. "शेठजी, हा कोणाचा घाम?"

त्यांनी लुगडं भराभर गोळा केलं. आवाज एकदम खाली आला. "आत या, मास्तरीणबाई. चहा घ्या. व्यापाऱ्यानं आम्हालाही फसवलं. तुमचं बदलून देतो. वकिलीणबाईंना नाही का कालच बदलून दिला?"

मी मायकडे पाहिलं. तिनं मान वर केली होती.

"वकिलीणबाई आल्त्या?" तिनं विचारलं. शेठजींशी ती पहिल्यांदाच बोलली.

"हो, कालच. जरी खोटी निघाली म्हणून केवढ्या रागावल्या! दुसरा शालू दिला तेव्हा कुठे शांत झाल्या."

काल. म्हणजे ज्या दिवशी मायला काढून टाकलं, त्याच दिवशी. जरी खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं. दुकानात भांडताना जरी खोटी होती, अंगणात मायचा हात खोटा होता. एवढे पैसे देऊन आपण फसलो, हे गड्यामाणसांपुढे कबूल करायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. त्यापेक्षा अंगण झाडणारीचा हात नासका ठरवणं सोपं. मोठ्या माणसाला कोण फसवणार, या मायच्या भरवशावरच त्यांची इभ्रत उभी होती.

"बदलून नको," मी म्हटलं. "दुसरं लुगडंही ह्याच जरीचं असणार. पैसे द्या."

पैसे त्यांनी दिले नाहीत. विकलेल्या मालाचे पैसे परत मिळत नसतात, असं म्हणाले. मी भांडले. बायका एकेक करून उठून गेल्या, पण आमच्या बाजूनं एकही बोलली नाही. शेवटी मायनंच लुगड्याची घडी घातली. "चाल," म्हणाली. आदल्या दिवशीचाच शब्द. पण या वेळी पुढे ती चालत होती.

भाऊबीज झाल्यावर वकिलांचा गडी आला. आमच्या दाराबाहेरूनच म्हणाला, "गयाबाई, बाईनं बलावलं. अंगनात कचरा साचून राहिला. झालं गेलं सोडून दे म्हने."

मायनं विचारलं, "शालूचं काई म्हनलं काय?"

"नाई."

"तिले सांग. हात माहा नासका नोता, हे तिनं मले सांगाव. जिथी उभी राहून बोल्ली, तिथीच उभी राहून. तवा खराटा उचलीन."

वकिलीणबाईंनी ते कधीच सांगितलं नाही. माय कधीच गेली नाही. घरात त्या वर्षी ओढाताण झाली, मायला रोजानं कापूस वेचायला जावं लागलं, पण ती त्या अंगणात गेली नाही. ते लुगडं मात्र तिनं ट्रंकेत कोंडलं नाही. बाजाराला जाताना नेसायची, काळा काठ सगळ्यांना दिसेल असं, आणि त्या दुकानावरूनच जायची. कोणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगायची.

हात पुसायची सवय तिची गेली नाही. दुकानाच्या पायरीशी, दवाखान्याच्या दाराशी तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. मी ओरडायची, ती हसायची, पुन्हा पुसायची. ते माझ्यानं सुटलं नाही, आणि ज्यांनी ते तिच्या अंगी भिनवलं त्यांना मी माफ केलेलं नाही.

मी हात पुसत नाही. कोणत्याही दुकानात, कोणत्याही ओट्यावर, खडूनं भरलेला असला तरी हात तसाच पुढे करते. माझ्या वर्गातल्या पोरींनाही मी तेच शिकवते. तुमचा माल काळा पडला तर तुमचा माल उघडा. आमचे हात आम्ही दाखवणार नाही.