कुठे आहेस, हे माणसालाच विचारा

ॲडव्होकेट रत्नमाला गजभिये यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. कोर्टातली मंडळी या गौरवग्रंथात त्यांच्या वकिलीविषयी लिहितीलच. मी शहापूरची शाळामास्तरीण, कलमांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्यांनी चालवलेलं एक प्रकरण मी अगदी भिंतीपलीकडून पाहिलं आहे, म्हणून हे चार शब्द.

आमची पहिली भेट काही शोभेची नव्हती. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, संगीताला, अब्रुनुकसानीची नोटीस धाडायला मी त्यांच्याकडे गेले होते.

संगीता सरकारी दवाखान्यात नर्स. संशयी नवऱ्याला तुमसरात सोडून ती शहापूरला आली आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहू लागली. आमच्या खोल्या दोन, चूल मात्र एकच. पण तो नवरा नंबर बदलून बदलून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि ती दिवसभर कुठे कुठे गेली ते घडाघडा सांगायचा. फोन करू नको म्हणून तिने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. आपल्यातलंच कोणीतरी चुगली करतं, असं तिच्या मनाने घेतलं. तिचं जाणं-येणं मला एकटीला माहीत. एके सकाळी नळावर, साऱ्या बायांसमोर ती म्हणाली, "तूच सांगून राहिली त्याले. मले वाटलं होतं, तू तरी माही आहेस." त्या दिवसापासून तिचं दार बंद. भिंतीपलीकडे तिच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि इकडे मी एकटीपुरता भात टाकायचे.

वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "नोटीस पाठवू ना. पण आधी एक सांगा. तो जे सांगते, ते सगळं तुमाले ठाऊक होतं काय?"

मी आठवू लागले. दिघोरीला आईकडे जाताना ती वाटेत एका तलावाच्या पाळीवर थांबून रडली होती. ती तिथे थांबल्याचंही त्याने फोनवर सांगितलं होतं. मला ते तिच्याच तोंडून, नंतर कळलं.

"मंग तुमी कशा सांगान? तिथं कोण होतं तिच्यासंग?"

"कोणीच नाही. ती अन् तिची गाडी."

"मंग गाडीलेच इचारू," वकीलबाई म्हणाल्या.

त्या रविवारी बाई एसटीने शहापूरला आल्या आणि त्यांनी स्वतः संगीताचं दार वाजवलं. त्यांच्या सांगण्यावरून तिने स्कूटीची सीट उचलली. बॅटरीजवळ काळ्या दोऱ्याने आवळलेलं एक काळं पुडकं होतं. ते काही आम्हाला नवीन नव्हतं! संगीताला वाटलं होतं, नजर लागू नये म्हणून आईने बांधलं असेल. दसऱ्याला गाडीची पूजा करताना तिने त्यावर हळदकुंकूही वाहिलं होतं. आणि मी, जी वर्गात पोरांना अंधश्रद्धेचा धडा शिकवते, ती मीच तिला म्हणाले होते, "हात नोको लावू. करणीचं असलं तं?" नवऱ्याने आमची नस बरोबर ओळखली होती.

वकीलबाई नाकाडोंगरीच्या. वडील खाणीत मजूर, घर छप्पन सालापासून बौद्ध. करणी-नजर या गोष्टींना त्या घरात थारा नव्हता. तरी त्यांनीही पुडक्याला बोट लावलं नाही. "पोलिसाईले येऊ द्या. पंचासमोर उघडू. आपण उघडलं तं उद्या म्हणतीन, आपणच ठेवलं." त्यांची कामाची रीत अशी आहे. पंचांसमोर दोरा सुटला तेव्हा आत काडीपेटीएवढं यंत्र निघालं, त्यात सिमकार्ड, आणि ते नवऱ्याच्या नावावर. संगीता माझ्याकडे बघत होती, पण माझ्या जवळ आली नाही.

कोर्टात समोरच्या वकिलांनी सरळ विचारलं, "माझा अशील तुमसरातलं दुकान सोडून हलला नाही. पाठलाग केला कोणी?" दोघं-चौघं हसलेही. बाईच्या मागे मागे फिरणं, ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा फोन करणं, तिच्या इंटरनेटवर पाळत ठेवणं, हे सगळं कायद्यात आहे. गाडीत लपवलेल्या यंत्राचं नाव त्यात नाही. वकीलबाई उठल्या. "साहेब, याचे पाय तुमसरात होते, हे मान्य. पण या बाईला एकटीने रडायला एक जागा तरी याने ठेवली होती का, एवढं त्याला विचारावं." रोजच्या फोनांचा धागा धरून त्यांनी संगीताला संरक्षणाचा आदेश मिळवून दिला. पाठलागाचा खटला अजून उभा आहे आणि प्रत्येक तारखेला त्या सरकारी वकिलांच्या शेजारी हजर असतात. अशा यंत्रांसाठी कायद्यात स्पष्ट तरतूद करा, असं त्या लोकप्रतिनिधींना सतत कळवत असतात. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

वकीलबाई घरीही तशाच आहेत. त्या एकट्या राहतात. भाच्याने काळजीपोटी त्यांच्या मोबाइलवर असं काही सुरू करून दिलं, की मावशी कुठे आहे ते त्याला नागपुरात बसून दिसावं. बाईंनी ते त्याच्यासमोरच बंद करायला लावलं. "मी कुठं आहो ते मले इचार. मोबाइलले कायले इचारतो? त्या निमित्तानं बोलशीन तं खरा." भाचा आता फोन करतो, पण रोज नाही. बाई तक्रार करत नाहीत. रविवारी मी जाते, आम्ही दोघी जेवतो, फारसं बोलत नाही.

बोलण्यासारखं माणूस तर निघून गेलं. आदेश मिळाला आणि संगीताने बदली मागून घेतली. नवं गाव, नवा नंबर तिने कोणालाच सांगितला नाही, मलाही नाही. माझा तिच्यावर राग नाही. आपण कुठे आहोत हे कोणालाच ठाऊक नसावं, असंच तिला वाटावं, अशी त्या माणसाने तिची गत करून सोडली. यंत्र निघालं, पण माझी मैत्रीण त्यासोबत गेली. तिचा पत्ता एकट्या वकीलबाईंना माहीत आहे. मी एकदा विचारला. माझे डोळे भरलेले त्यांना दिसत होते, तरी म्हणाल्या, "तिनं सांग म्हणलं तं सांगन." त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला. त्यांचं खरं मोठेपण मला तिथेच कळलं, हेही खरं.

तेव्हापासून सणावाराला मी संगीतासाठी डबा भरून वकीलबाईंकडे ठेवते. त्या तो पोचवतात. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, पण हा दर वेळी घासूनपुसून रिकामाच यायचा. गेल्या सणाला आला तेव्हा तळाशी मूठभर चिन्नोर तांदूळ होते. कोणत्या गावचे, ते मी बाईंना विचारलं नाही.

वकीलबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना शेवटपर्यंत साथ देवोत. या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. संगीताच्या आणि माझ्या मधली वाट एकट्या त्यांच्याच दारावरून जाते.